घेताना आवाज कसा होतो

किसुमूच्या बसतळाशेजारी आमचं दुकान,
काउंटरच्या काचेखाली एकोणीस फोन झोपलेले.
आपोंडीबाई तीन दिवस रोज आली
आणि रोज त्याच दोघांना उठवायला लावलं.

मालकानं शिकवल्याप्रमाणे मी इंचांपासून सुरुवात केली:
हा सहा पूर्णांक आठ, हा सहाला जेमतेम टेकलेला.
ती म्हणाली, वासोंगा, इंच राहू देत,
आणि मोठ्यावर तळहात पसरला, मासा मोजतात तसा.
वीतभर, वर शेपटीपुरतं एक बोट.
"हा विकायला चांगला. ठेवायला नाही."
धाकटा तिनं गळ्यातून झग्याच्या आत सरकवला,
दोनदा वाकून पाहिलं, टोपली उचलल्यासारखं,
तेवढा वेळ मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बांधणी.
मी म्हटलं, कडेला धातू, पाठीला काच.
"पाठीला काच? अरे, माणूस पडतो तो पाठीवरच.
टाक खाली, बघू."
मी दोन्ही फोन छातीशी धरले.
तेव्हा तिनं स्वतःचाच काढला,
बटणांचा, रबरबँडनं कंबर बांधलेला,
आणि दिला सोडून फरशीवर.
झाकण एकीकडे, बॅटरी बाकाखाली,
उरलेला माझ्या बुटाशी.
तिनं तिन्ही गोळा केले, फुंकर मारली, जोडले,
आणि त्यानं डोळा उघडला.
"असं यांना येतं का?"
येत नाही,
मी मालकाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पैसे.
मोठ्याला गल्ल्यावरच्या यंत्राजवळ नुसतं नेलं
की पैसे जातात, टेकवायलाही नको.
"जायचं काय, ते कसेही जातात.
घेताना आवाज कसा होतो ते सांग."
परवा एक पोरगा गेल्या महिन्यातला मेसेज दाखवून
तिचे चार मासे घेऊन गेला,
तळलेले, लिंबासकट.
पन्नासजणींच्या कढया एकदम चुरचुरतात तिथे,
हात तेलात, डोळ्यांत धूर,
वाचत कोण बसणार?
मी दोघांना वाजवलं. दोघंही म्हणाले: टिंग.
एकाच शाळेतली पोरं.
ठसा घ्यायला गेलो तर बोट उमटेना,
तीस वर्षं खवले काढून गुळगुळीत झालेलं.
"मतदानाच्या यंत्रालाही मी सापडले नव्हते,"
ती हसली, "पण मत दिलंच."

शेवटी धाकटा.
पैसे तिनं जुन्यावरून भरले.
चार टक्के जीव उरलेला त्याच्यात,
ती एकेक बटण दाबत गेली, ओठांत आकडा.
आपल्या जागी येणाऱ्याची किंमत
त्यानंच मोजून दिली,
घासाघीस न करता.
मालक म्हणाला, जुना ठेवून जा, सातशे शिलिंग सूट.
नको म्हणाली. टॉर्च लागतो त्याचा,
कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री मुंगूस येतं.
"फक्त एक कर. याचा आवाज त्यात भर."

मी रस्त्याचे हॉर्न अडवायला शटर अर्धं ओढलं,
जुन्याला नव्याच्या तोंडाशी धरलं
आणि माझ्या फोनवरून दहा शिलिंग पाठवले.
तो ओरडला,
दलदलीतल्या शराटीसारखा, चिरका, भसाडा.
मालक दचकला. आपोंडीबाईनं मान हलवली:
हाच.

रविवारी मी सरोवरावर गेलो, एक मासा सांगितला,
पैसे पाठवले.
आजूबाजूला टिंग टिंग चाललंच होतं,
बायका ओल्या हातांनी सारख्या चाचपत होत्या,
कुणाचं, कुणाचं.
मग तिच्या झग्यातून शराटी ओरडली.
तिनं वर पाहिलं नाही, मासा उलटला.
"आले," म्हणाली,
"आणि परवाचे ते दहा शिलिंग
परत मिळायचे नाहीत, सांगून ठेवते."